आफ्रिकन पारंपरिक पोशाखांवर फॅशन शूट करायचंय, रेफरन्स कुठून घेऊ?

आधी एकच देश, एकच समाज ठरवा. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांचे मणी, घानाचं केंटे कापड, चेहऱ्यावर पांढरे ठिपके असं सगळं एकाच मॉडेलवर चढवू नका प्लीज, बघवत नाही.

मालीतल्या बामाकोच्या सेदू केता या फोटोग्राफरचे फोटो बघाच, १९४८ मध्ये स्टुडिओ टाकला त्याने, अंगणात नैसर्गिक उजेडात फोटो काढायचा, सुरुवातीला मागे पडदा म्हणून चक्क स्वतःची झालरवाली चादर लावायचा, समोर बसलेल्या बाईच्या कपड्यावरही भरगच्च डिझाईन आणि तरी चेहरा हरवत नाही, काय नजर होती माणसाची!

केंटे घेतलंत तर क्लोजअप हवाच, अरुंद पट्ट्या विणून मग जोडून शिवतात ना, ते जोड दिसू देत. पुरुष उजवा खांदा उघडा ठेवून ते गुंडाळतात, त्यामुळे एडिटिंगमध्ये फोटो फ्लिप करू नका.