गिऱ्हाइकाची भीती आधी ऐक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शेती अवजारांचं आणि पंपांचं दुकान घातलंस, सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसतोस, तरी माणूस भाव विचारतो आणि पुढच्या दुकानात जातो, असं लिहिलं आहेस. कष्टाला तू मागे हटत नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तुझे सगळे कष्ट दुकानात चाललेत आणि तुझं गिऱ्हाईक शेतात आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांगतो, कारण ते तुझ्याच धंद्यातलं आहे. 1888 साली बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान निघालं. भाऊ रामुअण्णा आणि ते नुसत्या सायकली विकत नसत, चालवायलाही शिकवत. ज्याला चालवताच येत नाही तो सायकल घेईल कशाला? पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. नांगर मात्र पडून राहिले. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण एकच हंगाम हातात असलेला माणूस जमिनीवर काही नवं करून बघायला घाबरणारच. ही भीती भाव पाडून जात नाही. नांगर रानात चालवावा लागतो, चर किती खोल गेला ते दाखवावं लागतं, पीक उभं राहीपर्यंत थांबावं लागतं. 1910 साली औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयानं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथूनच 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला निघालेलं ते पत्रक पुढे घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. माल समजावून सांगणं हे त्या लोकांनी हलकं काम मानलं नाही, म्हणून मला त्यांचा इतका आदर वाटतो.

आजच्या शेतकऱ्याची भीती वेगळी आहे. मोटार जळेल, आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळेल. तो ‘पाचचा पंप केवढ्याला?’, म्हणजे पाच हॉर्सपॉवरचा, एवढंच विचारतो. तू लगेच भाव सांगतोस आणि तिथेच बोलणं संपतं. त्याऐवजी त्यालाच विचार. विहीर किती खोल? उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं? पाइपलाइन किती लांब, किती इंची? रात्री व्होल्टेज टिकतं का? जास्त हेडचा, म्हणजे पाणी जास्त उंच चढवायला बनवलेला पंप कमी उंचीवर लावला तर तो पाणी जादा फेकतो, मोटार जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. दोष कंपनीचा निघतो, खरं तर निवड चुकलेली असते. कधी कधी तुला म्हणावं लागेल, ‘दादा, तुम्हाला पाचचा नको, तीनचा पुरेल.’ त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल. पडू दे.

सेवेबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, याची मला काळजी वाटते. पंप विकून झाल्यावर बसवताना स्वतः जा. पाइपाच्या तळाशी पाणी मागे जाऊ न देणारा फूटव्हॉल्व्ह नीट बसला का, जादा करंट आला की मोटार बंद करणारा स्टार्टरचा रिले मोटारीच्या करंटप्रमाणे लावला का, हे बघून ये. इम्पेलर, बेअरिंग, सील हे पंपाचे सुटे भाग दुकानात हवेतच. त्यांत पैसा अडकतो हे खरं, पण पाण्याच्या पाळीच्या दिवशी बेअरिंगसाठी ज्याला तालुक्याला हेलपाटा घालावा लागला, तो पुढचा पंपही तालुक्यातूनच आणतो. फोन आला की उचल. आज जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांग, म्हणजे तो दुसरी सोय करील.

उधारी द्यावीच लागेल, कारण ऊसबिल येईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. मात्र तारीख त्याच्या तोंडून वदवून घे, वहीत त्याच्यासमोर लिही.

येत्या आठवड्यात दुपारी दुकान धाकट्या भावाकडे दे आणि गेल्या वर्षी विकलेल्या पंपांच्या विहिरींवर जाऊन ये. काही विकायला जाऊ नकोस, पंप कसा चालतोय एवढंच विचार. कोण काय म्हणालं ते मला सविस्तर लिहून पाठव, मग पुढचं बोलू.

तुझा,
काका