सात-शून्यच्या दुसऱ्या दिवशी

डिचोली, ऑगस्ट २०२५

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. तू बूट अंगणात टाकलेस आणि ते पावसात भिजताहेत, म्हणाली. आधी ते आत घे. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून पंख्याखाली ठेव. चुलीजवळ नको, सोल सुटतो.

काल फुटबॉलचा सामना सात-शून्य हरून परतताना बसमध्ये तू एकच वाक्य बोललीस. "टीचर, भारताच्या मुलींची टीमसुद्धा कधी काही जिंकत नाही, मग मी गोली होऊन काय मिळवणार?" सात गोल खाल्लेल्या मुलीशी त्या वेळी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आज घालते, कारण तू म्हणालीस ते खरं नाही.

१९८० साली कोळिकोडला आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात भारत तैवानकडून २-० हरला, म्हणजे आशियात दुसरा आला. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा, १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा दुसरा. आपल्या गोव्याच्या योलांडा डिसोझा त्याच पिढीतल्या. मी शाळेत होते तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. मुलींना थ्रोबॉल आणि खो-खो, फुटबॉल मुलांना, एवढंच ठाऊक होतं. म्हणून तुला सांगायला मी उशीर करायला नको होता.

आता तू विचारशील, मग पुढे काय झालं? चीन, जपान, कोरिया यांनी मुलींच्या फुटबॉलवर पैसा आणि वर्षं घातली. आपल्या मुलींना सामनेच मिळेनात. इतके कमी मिळाले की २००९ मध्ये फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव निघालं. एखाद्या वर्षी टीम वाईट खेळली म्हणून नव्हे, ती खेळलीच नाही म्हणून. हा फरक नीट समजून घे. तक्त्यात पराभव दिसतो, न मिळालेले सामने दिसत नाहीत.

दक्षिण आशियात सॅफ स्पर्धा २०१० ला सुरू झाली आणि भारताने ती लागोपाठ पाच वेळा जिंकली, २०१९ पर्यंत. मला त्या जेतेपदांचा अभिमान आहे, पण त्यांवर मी फार बोलत नाही. २०२२ आणि २०२४ ला बांगलादेश जिंकला, कारण त्यांच्या मुली मधल्या काळात पुढे गेल्या. शेजारी थांबून राहत नाहीत.

खरी टीम कळते ती एकच प्रतिस्पर्धी धरून मागे गेलं की. थायलंड घे. १९८३ चा तो अंतिम सामना आपण त्यांच्याकडून ३-० हरलो. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई खेळांत १०-०. दहा, बाय! त्याच स्पर्धेत आपण मालदीवला १५-० हरवलं होतं, म्हणजे मोठा आकडा दोन्ही बाजूंना पडतो. मग २०२३ ला हांगझोला त्याच थायलंडकडून हरलो, पण १-०. आणि गेल्या महिन्यात, ५ जुलैला, थायलंडमध्येच, चिआंग माईला, २-१ जिंकलो. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, दुसरा ७४ व्या मिनिटाला. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जागा मिळवली, ती पहिल्यांदाच. शून्य-दहा ते दोन-एक, यात अकरा वर्षं गेली.

२०२२ चा आशिया चषक तर घरीच होता. नवी मुंबईत इराणशी ०-० झालं, मग कोविडने इतक्या जणी आजारी पडल्या की पुढच्या सामन्याला टीमच उभी राहिली नाही. स्पर्धेतून बाहेर. इराणशी झालेला सामनाही रद्द धरला गेला. त्या मुलींसाठी मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशिया चषकात आपल्या गटात जपान आहे. मोठा आकडा लागू शकतो. २०२१ ला ब्राझीलने ६-१ हरवलं, पण मनीषा कल्याणने आठव्या मिनिटाला बरोबरी साधली होती. मी त्या सामन्याचं नाव काढलं की आधी तो गोल सांगते. आणि करिश्मा शिरवईकरने निळी जर्सी घातलीय, ती आपल्याच गोव्याची.

आता तुझं. काल समोरच्या शाळेच्या मुली वर्षभर एकत्र सराव करणाऱ्या, तुम्ही बारा दिवस. चिखलात चार गोल कॉर्नरवर गेले. चारही वेळा तू रेषेवरच थांबलीस. बाकीच्या तीन गोलांपैकी दोन तुझे नव्हतेच, बचाव उघडा पडला होता. एक तुझा, हातून निसटला, ओल्या चेंडूच्या मागे दोन्ही तळवे असायला हवेत. वही घे आणि हे सातही लिहून काढ: कुठून आला, तू कुठे होतीस. रडत लिहिलंस तरी चालेल.

रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर ये. फोंड्याच्या मुलींशी मैत्रीपूर्ण सामना ठरवलाय, आणि दर पंधरवड्याला एक ठरवायचा माझा प्रयत्न चालू आहे. पाऊस असला तरी खेळू. सामन्याआधी अर्धा तास फक्त कॉर्नर. मी मारीन, तू बाहेर यायचं.

तुझी,
टीचर