फिजिओथेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी इंटर्नशिप संपत आली आहे. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्सचे आजीव सदस्यत्व घेतले की क्लिनिक सुरू करता येईल का? (बी.पी.टी.ची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : नाही. १९५५ साली स्थापन झालेली ही संघटना व्यावसायिकांनी स्वेच्छेने उभारलेली आहे. तिचे सदस्यत्व म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. महाराष्ट्रात २००२च्या कायद्यान्वये व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांसाठी राज्य परिषद आहे आणि देशपातळीवर २०२१च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. नोंदणी, नोंदवही आणि कारवाई हे सारे या वैधानिक यंत्रणांचे काम. भिंतीवर सदस्यत्वाचे प्रमाणपत्र जरूर लावावे, पण त्याआधी नोंदणी क्रमांक हातात हवा.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. गुडघ्याला शेक देताना तिची कातडी भाजली. संघटनेकडे तक्रार करावी का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : करता येईल, परंतु संघटना फार तर आपल्या सदस्याकडून खुलासा मागवील किंवा त्याचे सदस्यत्व काढून घेईल, त्याचा व्यवसाय थांबवण्याचा अधिकार तिला नाही. त्यामुळे पावती व केसपेपर सांभाळून ठेवा, उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि लेखी तक्रार राज्य परिषदेकडे द्या. भरपाई हवी असल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असू शकते, म्हणून शेकण्यापूर्वी गरम व गार पाण्याच्या परीक्षानळ्या आळीपाळीने कातडीला लावून रुग्णाला फरक कळतो का, हे पाहायचे असते. ही तपासणी झाली होती का आणि तिची नोंद केसपेपरवर आहे का, हा तुमच्या तक्रारीतला कळीचा मुद्दा ठरेल.

प्रश्न : मग वर्गणी भरून मिळते काय? (एक तरुण फिजिओथेरपिस्ट, नाशिक)

उत्तर : अधिवेशने, कार्यशाळा आणि ओळखीपाळखी या गोष्टी आहेतच, पण माझ्या मते खरे मोल प्रतिनिधित्वाचे आहे. सप्टेंबर २०२५मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी फेरविचारासाठी ते मागे घेतले. अशा प्रसंगी सरकारपुढे एकेकट्या क्लिनिकवाल्याचे कोण ऐकणार? तेथे संघटनाच लागते. मात्र उपाधीसाठी लागणारी ही चिकाटी इंटर्नच्या विद्यावेतनासाठी आणि ग्रामीण रुग्णालयांतील रिक्त पदांसाठीही दिसली पाहिजे, असे मला स्पष्टपणे वाटते. (वर्गणी भरून सभेला न जाणाऱ्यांना मात्र ही तक्रार करण्याचा फारसा हक्क नाही.)

प्रश्न : परदेशी नोकरीसाठी सदस्यत्व उपयोगी पडते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थोडेफार. १९५१ साली स्थापन झालेल्या फिजिओथेरपिस्ट संघटनांच्या जागतिक महासंघात प्रत्येक देशाची एकच संघटना सदस्य असते आणि भारताला हे सदस्यत्व १९६७मध्ये मिळाले. पण परवाना त्या त्या देशाची नियामक यंत्रणाच देते. ब्रिटनमध्ये तेथील संघटना १८९४पासूनची असली, तरी नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडेच करावी लागते. अमेरिकेत राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन संबंधित राज्याचा परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे आधी प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्रात्यक्षिकांच्या तासांचा दाखला विद्यापीठाकडून मागवून घ्या. या कागदांना वेळ लागतो.