नवऱ्याच्या नकळत जेवणातून देता येईल असं दारू सोडवायचं चांगलं औषध कोणतं?

कुठलंच नाही. ताई, एरवी मी इथे नुसतं वाचते, पण नेमकं हेच आमच्या घरात झालंय आणि त्यावरून आत्याशी अजून वाजतं.

वडील रोज देशी प्यायचे. आत्यानं तालुक्याच्या मेडिकलमधून ओळखीवर, चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या. "वहिनी, कुटून आमटीत घाल, दादाला कळायचंसुद्धा नाही." खरंच कळलं नाही. जेवून गुत्त्यावर गेले आणि दोघांनी धरून घरी आणले. तोंड-मान लालभडक, छाती धडधडतेय, ओकाऱ्या थांबेनात. दवाखान्यात बीपी इतकं खाली की डॉक्टरांना आधी हार्ट अटॅकच वाटला. "यांनी काय खाल्लंय?" ते विचारतायत आणि आत्या पर्स पोटाशी धरून गप्प. शेवटी आईनंच ती पर्स ओढून घेतली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

गोळी डायसल्फिरामची. दारू पोटात गेली की तिचं लिव्हरमध्ये आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, हे विषच. एरवी शरीर ते लगेच फोडतं. ही गोळी ते फोडणंच बंद पाडते. दारूची ओढ तिनं कमी होत नाही, प्यायलो तर हाल होतील हा धाक तेवढा राहतो. आता मला सांगा, जे पोटात गेलंय हेच ठाऊक नाही, त्याचा धाक बसणार कसा? हृदय कमजोर असेल तर माणूस यात जाऊही शकतो.

वडील वाचले, पण घरचं जेवेनात. आईनं ताट वाढलं की पहिला घास तिलाच खायला लावायचे. दारू होती तेवढीच, वर खानावळीचं बिल.

आत्या आजही लग्नाकार्यात चारचौघांत सांगते, "माझ्या गोळीनंच दादा सुधारला." साफ खोटं. सुधारले ते पुढे व्यसनमुक्ती केंद्रात राहून आणि नंतर एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगा धरून. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून, समजावून, त्यांच्या संमतीनं हीच गोळी दिली. रोज सकाळी आईसमोर स्वतःच्या हातानं घ्यायचे. यावर आत्या म्हणते, "म्हणजे गोळी तीच ना?" हो आत्या, तीच. पण तू ती आमटीत घातलीस.

तुमच्याबद्दल: नवरा तयार नसला तरी तुम्ही एकट्या केंद्रात जाऊन बोलू शकता, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा तसाच आधारगट आहे, आणि 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. तयार झालाच तर उत्साहाच्या भरात खोलीत कोंडून दारू तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप सुरू होऊ शकतो, त्यातही माणसं दगावतात. ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे.

आणि पुढे डॉक्टरांनी ही गोळी दिलीच, तर घरातलं द्राक्षासव, अशोकारिष्ट, खोकल्याचं औषध आधी त्यांना दाखवा. आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतंच, खोकल्याच्या काही औषधांतही असतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहतो, तोवर हे पथ्य पाळायचं.