गोळ्या सुटतील ना मॅडम?

"मॅडम, एकदा चालू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात ना या गोळ्या?" जळगावला माझ्याकडे समुपदेशनाला येणारं जवळजवळ प्रत्येक घर नैराश्याच्या गोळ्यांबद्दल हे विचारतंच, आणि बऱ्याचदा पेशंट नाही, सोबत आलेलं माणूस विचारतं. म्हणून आप्पांचं सांगते. नाव, तपशील बदललेत, त्यांना विचारूनच लिहितेय.

रावेरकडचे केळीवाले. जूनच्या वादळात कापणीला आलेली बाग आडवी झाली. नुकसान सगळ्या शिवाराचं झालं होतं, पण बाकीचे पंचनाम्याच्या मागे पळत होते आणि आप्पा पहाटे तीनला उठून ओट्यावर बसून राहायचे, छातीत धडधड, हातपाय गार, दोनदा ईसीजी काढला तर दोन्ही वेळा नॉर्मल. श्रावणात वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्यांना घेऊन आल्या, म्हणाल्या यंदा कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणालाही भाऊबंदात गेले नाहीत. आप्पा एवढंच बोलले, "मले काही सुधरत नाही."

मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? (असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो.) ते बराच वेळ गप्प, मग 'हो' अशी मान हलवली. त्याच संध्याकाळी वहिनींनी फवारणीची सगळी औषधं दिराकडे नेऊन ठेवली, कुलपात. रात्री-बेरात्री लागला तर म्हणून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, कारण गोळ्या देणं माझं काम नाही.

गोळ्या सुरू झाल्या, पहिले आठ-दहा दिवस मळमळ, धडधड उलट जास्त. असं होऊ शकतं, आणि फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून टिकले. माझ्याकडचं काम बारीकसं होतं: मन लागो न लागो, रोज सकाळी शेतात जाऊन ठिबकचा एक व्हॉल्व्ह फिरवून यायचं, बाग बघायची नाही, घरी यायचं. पहिल्या आठवड्यात तीनच दिवस गेले. मला तेही पुरेसं वाटलं. पुढे एकदा व्हॉल्व्ह फिरवून आले आणि म्हणाले, बुंध्यांना पील (नवे कोंब) फुटलेत, तेव्हा वहिनी माझ्यासमोरच रडल्या.

दिवाळीपर्यंत झोप बरी, मळ्यात भरीत-पार्टीला गेले, हिरवी मिरची मागून खाल्ली. आणि बरं वाटतंय म्हणून एका झटक्यात गोळी बंद. कोणाला सांगितलं नाही. तीन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, चिडचिड. वहिनींचा फोन, "बघा मॅडम, सवय लागलीच ना!"

इथे चूक माझीही होती, सुरुवात कशी असेल ते मी तासभर समजावलं आणि शेवट कसा करायचा ते सांगितलंच नव्हतं.

तर ऐका. नशेची सवय म्हणजे तलफ येते, डोस वाढवत न्यावा लागतो. नैराश्याच्या गोळ्यांचं तसं नसतं, पण शरीर त्यांना सरावलेलं असतं, एकदम काढल्या की ते कुरकुरतं, म्हणून हळूहळू कमी करतात. सवय लागू शकते ती झोपेच्या काही गोळ्यांची, त्या आप्पांना पहिले दोनच आठवडे दिल्या होत्या, पण घरात दोन्ही पाकिटं एकाच डब्यात, मग सगळ्याच 'झोपेच्या गोळ्या' होतात. आणि बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा ते बारा महिने गोळी चालू ठेवायची असते, नाहीतर आजार उलटू शकतो. काहींना जास्त वर्षं लागतात, विशेषतः ज्यांना हे पुन्हा पुन्हा होतं त्यांना, ते मी लपवत नाही.

डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, दोन-तीन दिवसांत करंट थांबला. पुढचा जून आला तेव्हा डोस अर्धा करायचं ठरलं होतं, तारीख लिहिलेली होती. नेमका त्याच रात्री वारा सुटला. आप्पा उठून बसले, छाती धडधडायला लागली, वहिनींनी चहा टाकला, दोघं उजाडेपर्यंत बोलत बसले आणि मग आप्पा स्वतःच बाग बघून आले. चारच झाडं पडली होती. डॉक्टरांना विचारून तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली.