अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या जोसेफ पिअर्स या चिनी सैनिकाची कबर कुठे आहे?

कनेटिकट राज्यातल्या मेरिडन गावी, वॉलनट ग्रोव्ह दफनभूमीत. पिअर्स 1916 साली मेरिडनलाच वारला. कँटनजवळच्या मुलखातल्या या पोराला एमॉस पेक नावाच्या जहाजाच्या कप्तानाने लहानपणी अमेरिकेत आणलं आणि आपल्या घरी वाढवलं. सैन्याच्या नोंदींनुसार तो 1862 मध्ये 14व्या कनेटिकट पायदळात भरती झाला आणि 1863 मध्ये कॉर्पोरल झाला. गेटिसबर्गच्या लढाईत याच पलटणीने ब्लिस फार्म हे शेतघर घेतलं आणि त्याच दुपारी दक्षिणेच्या सैन्याचा ‘पिकेटचा हल्ला’ समोरून झेलला. चिनी माणसाला इतकी बढती मिळणं त्या काळी फारच दुर्मीळ होतं, आणि ही गोष्ट आजही पुरेशी सांगितली जात नाही. युद्धानंतर तो मेरिडनला चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरायचं काम करत असे. संसारही तिथेच झाला. 1882 मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली, तेव्हा हा माणूस तिथे मुलंबाळं घेऊन राहत होता!

मात्र बालपणाचा तपशील जपून घ्या: बापाने त्याला विकलं असं सांगतात, पण किंमत कुणी 6 डॉलर म्हणतं, कुणी 60.