तुम्ही पोटापाण्यासाठी काय करता आणि त्या कामाविषयी तुम्हाला खरोखर काय वाटते?

आपण प्रश्नाखाली असेही लिहिले आहे की, बँकेतील नोकरी सोडून भाषेशी संबंधित एखादे काम करावे असा विचार आपल्या मनात घोळतो आहे आणि म्हणून लोकांनी शोभेचे उत्तर न देता खरे काय ते सांगावे. मी गेली सत्तावीस वर्षे पुण्यात मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या छापील प्रती (प्रुफे) वाचून त्यांतल्या चुका काढण्याचे, काम करते. एवढ्यावर माझे घर चालते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, परंतु मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षे याच पैशांवर निघाली आहेत. काम मला आवडते. फक्त डोळ्यात गेलेल्या कुसळासारखे ते दिवसभर सोबत असते. दुकानाच्या पाटीवर ‘आर्शीवाद’ दिसला की भाजी घ्यायची राहते आणि मी पाटीकडे पाहत उभी राहते.

हे दुखणे वडिलोपार्जित आहे. माझे वडील नारायण पेठेतील एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे धातूची सुटी अक्षरे (खिळे) जुळवून ओळी तयार करणारे, होते. खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात, त्यामुळे जुळवलेली ओळ आरशातल्यासारखी वाचावी लागते, आणि वडील ती आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज वाचत. शासनाने १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘नांव’ यांच्या डोक्यावरची टिंबे अधिकृतपणे उतरली. ‘टिंबे गेली आणि हात हलका झाला,’ असे वडील म्हणत. मात्र घरचे हिशेब आणि आईला लिहिलेली पत्रे त्यांनी अखेरपर्यंत टिंबांसकटच लिहिली. मी हे काम शिकले ते त्यांनी संध्याकाळी घरी आणलेल्या गॅली प्रुफांवर, म्हणजे पाने पाडण्याआधी लांब पट्टीवर काढलेल्या प्रुफांवर. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, अगदी ‘स्वल्पविराम’, ‘अवतरण सुरू’, ‘अवतरण बंद’ असे उच्चारत, आणि दुसऱ्याने छापलेल्या पट्टीवर पेन्सिल धरून बसायचे. मला वाटते, कान आणि डोळा एकाच वेळी कामाला लागण्याची ती पद्धत आजच्या एकट्याने पडद्यावर वाचण्यापेक्षा कितीतरी भरवशाची होती, परंतु दोन माणसांचे पैसे आता कोणताच प्रकाशक देणार नाही.

बाहेरच्या लोकांची अशी समजूत असते की, आम्ही ह्रस्व-दीर्घ तपासतो. तपासतो हे खरेच, आणि ते वाटते तितके यांत्रिक नसते. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ह्रस्व. ‘गरीब’ दीर्घ, पण ‘गरिबाला’ ह्रस्व. तर मग ‘शरीर’चे ‘शरिराला’ का होऊ नये, असे एका नवोदित लेखकाने मला चिडून विचारले होते. ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि अशा शब्दांचे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर सामान्यरूपात (प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात) बदलत नाही, म्हणून ‘शरीराला’. त्याचप्रमाणे ‘कवी’ एकटा असला की दीर्घ, पण संमेलनाला निघाला की ‘कविसंमेलन’; ‘विद्यार्थी’ दीर्घ, पण त्यांचे मंडळ झाले की ‘विद्यार्थिमंडळ’. म्हणजे नुसता नियम पाठ असून भागत नाही, समोरचा शब्द कोणत्या घरातून आला आहे हेही ओळखावे लागते, आणि या कामात मला जो काही आनंद मिळतो त्यातला मोठा वाटा या ओळखपरेडीचा आहे.

तरीही ह्रस्व-दीर्घ हा या कामाचा सोपा भाग होय. खरी फजिती होते ती सर्व अक्षरे शुद्ध असताना. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचे पुस्तक माझ्याकडे आले. त्यांचे बालपण एका आश्रमशाळेत गेले होते. पुस्तकाची अक्षरजुळणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झालेली होती आणि तो मजकूर मध्येच कोणीतरी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, फिरवून घेतला होता. अशा रूपांतरात पोटफोड्या ‘ष’पासून जोडाक्षरांपर्यंत काहीही बिघडू शकते, परंतु सर्वांत कपटी बिघाड ‘ऱ्य’चा असतो, कारण त्याचा बिनबोभाट ‘र्य’ होतो. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले तर डोळ्याला खटकते. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर सह्याद्रीत समुद्र शिरतो आणि तोही लक्षात येतो. या पुस्तकात मात्र एक वाक्य असे होते : ‘आमच्या आचार्यांनी वरणात मीठ जास्त घातले की आम्ही ताटे वाजवीत असू.’ त्या आश्रमशाळेत आचार्य होते, आधीच्याच प्रकरणात ते चरखा शिकवत होते, आणि आश्रमातील आचार्य स्वतः स्वयंपाकघरात उभे राहतात हे मला इतके स्वाभाविक वाटले की, मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करून पुढे गेले. लेखकाने दुसऱ्या प्रुफाच्या वेळी फोन करून विचारले, “ताई, आचाऱ्याला तुम्ही बढती दिलीत, आता पगार कोण देणार?” ते हसत होते, मला हसू यायला दोन दिवस लागले. मूळ हस्तलिखितात ‘आचाऱ्यांनी’ स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, परंतु मजकूर अर्थपूर्ण लागतो आहे म्हणून मी त्या ओळीपुरते हस्तलिखित उघडलेच नव्हते. तेव्हापासून पहिले प्रूफ मी मुळाबरहुकूम, अक्षरावर बोट ठेवून वाचते आणि अर्थ कळू लागला की मुद्दाम थांबते, कारण अर्थ कळू लागला म्हणजे डोळा पुढे धावतो.

अशा चुकांना मराठीत ‘मुद्राराक्षस’ म्हणतात, आणि हा राक्षस घर पाहून ठेवतो, याचा अनुभव मला मुलीच्या लग्नात आला. तिची पत्रिका मी चार वेळा तपासली. ‘चि. सौ. कां.’वरचे टिंब, ‘श्रीकृपेकरून’मधला ‘रू’, मामांच्या नावामागची पदवी, ‘शुभाशीर्वाद’, सगळे चोख होते. पत्रिका छापून आली आणि माझ्या जावेने पहिल्याच नजरेत विचारले की, त्या तारखेला तर शनिवार येतो, मग रविवार कसा लिहिला? ‘रविवार’ हा शब्द शुद्ध होता, म्हणून मी त्याला चारही वेळा सोडून दिले होते. साडेतीनशे पत्रिकांवर आम्ही रात्री बसून दुरुस्तीच्या चिकट्या लावल्या.

आपल्याला ‘खरे’ काय वाटते हे हवे आहे, म्हणून मला अजूनही बोचणारी एक गोष्ट सांगते. सुरुवातीच्या वर्षांत सातारा जिल्ह्यातील एका लेखकाचे आत्मकथन मी तपासले होते. संवादांतली बोली मी तशीच ठेवली होती, तेवढे शहाणपण मला होते. परंतु निवेदनातही त्यांची बोली झिरपत असे आणि तिथे मी लाल शाईने सरळ हात चालवला. एके ठिकाणी ‘आईने कोरड्यास वाढले आणि ते भाकरीवरून ताटात पसरले’ असे वाक्य होते. समासात मी लिहिले : ‘कोरड्यास पातळ कसे असेल? कोरडी भाजी म्हणायचे आहे का?’ प्रूफ परत आले तेव्हा त्यांनी माझ्या प्रश्नाखाली निळ्या शाईने एवढेच लिहिले होते : ‘कोरड्या भाकरीला लावून खायचे म्हणून कोरड्यास. ते पातळच असते.’ आणि पुढच्या साठ पानांवर माझ्या एकेका दुरुस्तीखाली त्यांनी टिंबांची रेघ मारली होती. त्या रेघेचा अर्थ आमच्या खुणांच्या भाषेत ‘आहे तसेच ठेवा’ असा होतो. ही खूण त्यांना कोणी शिकवली होती, मला माहीत नाही, परंतु साठ पानांवर ती मारायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल याचा हिशेब मी अधूनमधून करते. आज माझ्या हातून वगळण्याच्या आणि घालण्याच्या खुणांपेक्षा ही टिंबांची रेघच अधिक वेळा उमटते, आणि ती बहुतेकदा माझ्याच पहिल्या वाचनातील दुरुस्तीखाली असते.

पैशांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. पहिल्या प्रुफाला मला पानामागे वीस ते पंचवीस रुपये मिळतात आणि नंतरच्या प्रुफांना त्याच्या निम्मे. दिवसाला चाळीस पाने नीट होतात. साठ केली तर शेवटची वीस दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागतात. पुस्तकाचे पैसे पुस्तक निघाल्यावर मिळतात आणि काही दिवाळी अंकांचे होळीला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा माझ्या एका मैत्रिणीने पेढे दिले. पानाचा दर होता तिथेच आहे. श्रेयनामावलीत मुखपृष्ठकार, मुद्रक आणि अक्षरजुळणी करणारा यांची नावे असतात, मुद्रितशोधकाचे असतेच असे नाही. पूर्वी मला याचे वाईट वाटे. आता नाव छापले गेले की उलट धाकधूक होते, कारण मग पुस्तकातली प्रत्येक चूक माझ्या नावाने ओळखली जाणार असते.

संगणक हे काम हिरावून घेईल का, हाही प्रश्न आपल्या मनात असेलच. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावली मी वापरते आणि ‘आर्शीवाद’ त्या चटकन पकडतात. परंतु मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द असतो, आणि असे धडधाकट शब्द लाल रेघेखाली येतात. उलट ‘महाराष्ट्र दीन’ असे छापले तरी ‘दीन’ हाही शब्दकोशातला शब्द असल्यामुळे एक मे बिचारा होऊन जातो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. नव्या यंत्रांना संदर्भ थोडाफार कळतो, हे मी पाहिले आहे. त्यांची अडचण मला वेगळीच वाटते : ती ‘कोरड्यास’चे ‘कोरडी भाजी’ करून मोकळी होतात आणि समासात प्रश्नही लिहीत नाहीत. मी निदान प्रश्न तरी लिहिला होता. अर्थात प्रकाशकाला ही अडचण वाटेल की सोय, याची खात्री मी आपल्याला देऊ शकत नाही, आणि माझ्या ओळखीच्या दोघींचे काम गेल्या वर्षभरात निम्म्यावर आले आहे.

तेव्हा बँकेची नोकरी इतक्यात सोडू नये. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही जी प्रथा रुजली आहे, तिच्यामुळे दर वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात मुद्रितशोधकांची ओढाताण होते आणि नव्या माणसाला हात लावू देण्याइतके काम या काळात असते. एखाद्या अंकाच्या कचेरीत जाऊन दोन कथा आणि एक लेख मागून घ्यावा, पडद्यावर न वाचता कागदावर छापून घ्यावा, आणि वाचून झाल्यावर त्याच प्रतीवर दुसऱ्या रंगाच्या पेनाने आपल्याच दुरुस्त्या पुन्हा तपासाव्यात. पहिल्या आठवड्यात आपण पानाला पंधरा खुणा कराल आणि त्यांतल्या पाच-सहा पुसाव्या लागतील. ती संख्या महिनाभरात कमी होते का, हे पाहावे. बँकेत रजा टाकायची असेल तर घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात टाकून ठेवावी, कारण त्या दिवसांत पाने रात्री अकरालाही येतात आणि सकाळी सातला माणूस ती न्यायला दारात उभा असतो.